तिसरा ठोका

"बाहेर जा आणि दार लावून घ्या," बाई म्हणाल्या.

मी तोवर खुर्चीत अर्धाच टेकलो होतो. बसायच्या आधीच मुलाखत संपली असं धरून मी उठलो, आणि उठताना मनात पहिला विचार आला तो शर्टाच्या इस्त्रीचा. सकाळी कॉलरवर बराच वेळ घालवला होता. बाईंनी माझ्याकडे न बघता टेबलाखाली पायानेच चप्पल शोधली, ती सापडली नाही, तेव्हा नाद सोडून दिला. पन्नाशी उलटलेल्या, जाड भिंगांच्या, आवाज बसलेला. त्यांच्या पायांना घट्टे असणार हे मला न बघताच कळलं. खूप चाललेली माणसं खुर्चीत बसली की पाय असे दूर ठेवून बसतात, ते पाय त्यांचे नसल्यासारखे. "आणि मग?" मी विचारलं. "मग या की," त्या म्हणाल्या. "मी घरात आहे असं समजा. दुपार आहे, जेवण झालंय, नुकती आडवी झालेय. मला उठवा." एवढं बोलून त्यांनी खरोखरच डोळे मिटले.

बाहेरच्या बोळात खुर्च्यांची एक रांग होती आणि तिच्यावर बाकीचे उमेदवार. दात काढायला बसलेल्यांनी आत जाऊन आलेल्याकडे बघावं तसं सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एका उंच माणसाने माझ्या वाटेतून गुडघे आवरले. चष्मेवाल्या मुलीने हळूच विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "नाही, आता आत जायचंय." "मग बाहेर का आलात?" "आत जायला," मी म्हटलं. ती विचारात पडली. मी दाराकडे तोंड करून उभा राहिलो. दार प्लायवुडचं होतं, वर सागवानी छपाईचा कागद, खालच्या कोपऱ्यात तो ओलीने सुटलेला. आत पुठ्ठ्याच्या जाळीशिवाय काही नसणार. मी सुताराचा मुलगा आहे. सुतारकाम मला येत नाही, खिळाही वाकडा जातो, पण दार बघितलं की ते पोकळ आहे की भरीव हे कळतं. वडील कुणाकडे गेले की आत शिरता शिरता दारावर बोटाचं पेर हलकेच आपटायचे आणि "पोकळ" असं पुटपुटायचे. लग्नाला गेलो तरी तेच. आई त्यांना चिमटा काढायची. आमच्या घराचं दार त्यांनी स्वतः केलं होतं. त्याला बाहेर बघायचं भोक नाही. भोक पाडलं की लाकूड मेलं, असं ते म्हणायचे. बेलही नाही. बेलची तार त्यांनी एका रविवारी पकडीने तोडून टाकली, त्याला कारण होतं, आणि ते कारण आई होती.

खरं सांगायचं तर दारोदार फिरायच्या कामासाठी मी त्या दारासमोर उभं राहणं हाच एक विनोद होता. माझी सगळी उमर एका खिडकीमागे गेली. बसस्थानकावरची चौकशीची खिडकी. काच, काचेला खाली अर्धगोल भोक, आणि भोकाच्या या बाजूला मी. लोक माझ्याकडे यायचे. मी कुणाकडे गेलेलो नाही. ते वाकायचे, भोकाशी तोंड आणायचे, आणि मी म्हणायचो, "बोला." दिवसभरात हा एक शब्द किती वेळा म्हटला असेन, देव जाणे. मग स्थानकात दिव्यांचा फलक आला, गाड्यांच्या वेळा आपोआप उमटायला लागल्या, तरी लोक फलकाखाली उभे राहून मलाच विचारायचे आणि मी फलकाकडे बोट दाखवायचो. असं मी स्वतःच्या हाताने, म्हणजे बोटाने, स्वतःची खिडकी बंद करून घेतली. बंद झाली तेव्हा मला फारसं काही वाटलं नाही. घरी गेलो, आईला सांगितलं, ती म्हणाली, "बरं, पाठीला आराम मिळेल." पण बहिणीला कळलं तेव्हा तिचा फोन आला. बहीण धाकटी, लग्न होऊन दुसऱ्या गावी, बोलण्यात कुणाची भीड न ठेवणारी. ती वडिलांवर गेली आणि मी आईवर. "दादा, स्पष्ट बोलते, राग मानू नकोस," ती म्हणाली. राग मानू नकोस असं म्हणणारी माणसं पुढे काय बोलणार ते ठरलेलं असतं. "तुला काम मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर या महिन्याच्या शेवटी मी आईला घेऊन जाते. तुझ्याच पोटाचं बघशील की तिचं?" आई एकदा बहिणीकडे राहून आली आहे. तिथे लिफ्ट आहे, बेल आहे, बेलमध्ये चिमणी ओरडते. चिमणी ओरडली की आई खुर्चीत ताठ बसायची आणि कितीतरी वेळ तशीच राहायची; जेवणही कमी झालं. परत आली ती कपडे सैल होऊन. आणखी एकदा गेली तर ती तिथून येणार नाही, हे मला ठाऊक आहे. बहिणीलाही ठाऊक असावं. म्हणून इस्त्री. म्हणून हे प्लायवुडचं दार.

आत बाईंनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, मग शांतता. त्या खरंच आडव्या झाल्या असतील काय? आत कुणीतरी मुद्दाम शांत बसलं आहे ही गोष्ट दारातून कळते. रिकाम्या खोलीची शांतता वेगळी आणि माणसांनी धरलेली वेगळी. ही दुसरी मी लहानपणी शिकलो, अगदी आतून शिकलो. आमच्या घरी तिला 'नसणं' म्हणत. दुपारी दार वाजलं की आई ओठांवर बोट ठेवायची आणि आम्ही नसायचो. कढईतला झारा ती वर उचलून तसाच धरायची, तेलाचा थेंब पडू नये म्हणून खाली दुसरा हात. मी घास तोंडात तसाच ठेवायचो. नळ ठिबकत असे, त्याच्याखाली फडकं असे, ते कायमचंच. बहिणीला हे जमत नसे, ती फिस्सकन हसायची, मग आई तिचं तोंड स्वतःच्या पोटाशी दाबून धरायची. आईला सर्वांत छान जमे. ती नसायला लागली की खरोखर नसायची. मला तेव्हा भीती वाटायची की ही परत येईल ना. बाहेरची पावलं जिना उतरून गेली की ती हळूच झारा कढईत सोडायची आणि तेल चुर्र वाजायचं, आणि आम्ही सगळे पुन्हा असायला लागायचो.

हे सगळं आईला 'नाही' म्हणता येत नव्हतं म्हणून. दारोदार माल विकणारे यायचे, आणि आई दार उघडायची, आणि उघडलं की संपलं. गाजर न किसता फक्त बोटं किसणारी किसणी. कपाट नसताना कपाटात लावायचे हँगर. कुत्रा नसलेल्या घरात कुत्र्याच्या केसांचा ब्रश. त्याने आम्ही पुढे गालिचा नव्हता म्हणून पायपुसणं झाडायचो. वडील विचारायचे, "का घेतलंस?" आई म्हणायची, "पाणी मागितलं त्याने. उन्हातून आला होता बिचारा. नुसतं पाणी देऊन वाटेला लावायचं, कसं दिसतं ते?" वडील म्हणायचे, "भीड भिकेची बहीण." आईला ते पटायचं. ती मान हलवायची आणि पुढच्या आठवड्यात कंगव्यांचा संच घ्यायची. शेवटी वडिलांनी तार तोडली आणि नियम घातला: कुणी वाजवलं तरी उघडायचं नाही. त्यावर एका विक्रेत्याने बाहेरून हाक मारली, "वहिनी, मी आलोय!" आई गोंधळली, हा कोण आपला, चेहरा आठवेना, विचारायचं कसं, म्हणून तिने दार उघडलं आणि त्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ आलं. तेव्हा वडिलांनी नियमाला पोटनियम जोडला. "आवाजावर दार उघडायचं नाही. तोंडाने माणूस काय वाटेल ते बोलतो."

हा नियम त्यांच्यावरच उलटला. एका दुपारी कारखान्यात करवतीखाली त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी आली. पेरापासून पुढचं गेलं. दवाखान्यात बांधून घेऊन ते भर दुपारी घरी आले, कधी नव्हे ते. दार वाजलं, डाव्या हाताने वाजवल्यामुळे अनोळखी वाजलं. आम्ही नसायला लागलो. मग आवाज आला, "अगं, मी आहे. उघड जरा." आईने आमच्याकडे बघितलं. आवाज त्यांच्यासारखा होता, पण बारीक होता, आणि त्यात विनंती होती. वडील घरात कधी विनंती करत नसत. तेव्हा हा वडिलांचा आवाज असणं शक्यच नव्हतं. बहीण उठायला लागली, आईने तिला खाली ओढलं. बाहेर पुन्हा एकदा वाजलं, मग वाजलं नाही. संध्याकाळी आई कपडे वाळत घालायला निघाली तर हे पायरीवर बसलेले, भिंतीला डोकं टेकून, बांधलेला हात मांडीवर तिऱ्हाइतासारखा ठेवून. आईच्या हातातली बादली जिन्यावरून खाली गेली, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. ती रडायला लागली. वडील म्हणाले, "रडायला काय झालं? बरोबर केलंत. छान केलंत." त्यांना खरंच तसं वाटत होतं, त्यांचा नियम पाळला गेला होता. हात बरा झाल्यावर त्यांनी थाप ठरवली. पेरांनी दोन ठोके, खणखणीत, मग थोडं थांबून तिसरा, त्या अर्ध्या बोटाचा. तो मऊ यायचा. हाड झाकून आलेल्या कातडीचा. तसा आवाज दुसऱ्या कुणाला काढता येणार नाही, असं ते म्हणायचे. आणि तो तिसरा ठोका झाला रे झाला की आई हातातलं टाकून उठायची. दार उघडताना तिचा चेहरा कसा व्हायचा ते मला शब्दांत सांगता येणार नाही आणि सांगायचंही नाही. वडील गेले त्यानंतर मी पहिल्यांदा कामावरून परत आलो, दार वाजवलं, आत काही हललं नाही. वाजवत राहिलो. मग मी तर्जनी आत दुमडली, दोन ठोके दिले, थांबलो, आणि दुमडलेल्या बोटाच्या मधल्या सांध्याने, कातडीच्या बाजूने, हळू तिसरा दिला. दार उघडलं. आईने आधी माझ्या खांद्यावरून मागे जिन्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तेव्हापासून तसंच चाललंय. ती दिवसभर एकटी असते, आतून कडी लावलेली असते, आणि त्या थापेशिवाय ती जगात कुणालाही दार उघडत नाही. म्हणूनच मी निश्चिंतपणे खिडकीमागे बसू शकलो.

"वाजवताय ना?" चष्मेवाली मुलगी मागून म्हणाली. मी हात वर केला होता आणि तो किती वेळ वर होता कुणास ठाऊक. मी वाजवलं. मनात कसलाही हिशेब नव्हता. हात दाराजवळ गेला, तर्जनी आपली आपण दुमडली गेली, आणि दोन ठोके वाजून तिसरा पडलासुद्धा. पोकळ दारावर तो मला स्वतःलाच विचित्र ऐकू आला, आपलं नाव परक्या गावात कुणी घ्यावं तसा. आत खुर्ची जोरात सरकली. अनवाणी पावलं आली. दार उघडलं तेव्हा बाईंचा चष्मा हातात होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच घातलेलं नव्हतं, म्हणजे मुलाखत घेणाऱ्या बाईचं काही. त्या माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या. मग त्यांची नजर माझ्यावर आली. आता मी बोलायचं होतं. कंपनीचं नाव, पाणी शुद्ध करायचं यंत्र, मोफत दाखवतो, काही घ्यायचं बंधन नाही. हे सगळं मी पाठ केलं होतं. समोर माणूस उभा होता, अपेक्षेने बघत होता. मी म्हटलं, "बोला."

बाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना खोकला आला, टेबलाचा आधार घ्यावा लागला. बोळातलेही हसले. मीही थोडा हसलो, बरं दिसत नाही म्हणून. "या, बसा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आता बसा खरंच. आधी कुठे होतात?" मी सांगितलं. "तरीच. हे बघा दादा, स्पष्ट सांगते. दार उघडल्यावर तुम्ही माती खाता. या वयात तुम्हाला बोलायला शिकवणं माझ्याच्याने होणार नाही. तिथे तुमचं घोडं पेंडच खाणार." मी मान हलवली. मला शांत वाटलं. महिन्याचा शेवट, बहिणीची गाडी, आईची पिशवी, सगळं ओळीने डोळ्यांसमोर आलं आणि उभं राहिलं. "पण मी उठले कशी?" बाई म्हणाल्या. हे त्या मला विचारत नव्हत्या. "मी उठायची नव्हते. मी कुणासाठी उठत नाही, ती माझी रीतच आहे. बसून राहते, बघते काय करतात ते. कुणी हाका मारतात, कुणी दार बडवतात, एक जण तर चक्क आग लागली म्हणून ओरडला. भीक नको पण कुत्रा आवर अशी गत." त्यांनी टेबलावर पेरांनी दोन ठोके दिले, थांबल्या, तिसरा दिला. तिसरा कडक आला. "असं नाही. तुमचा हळू होता. पुन्हा वाजवा." मी टेबलावर वाजवलं. बाईंनी डोळे मिटून ऐकलं. "दोन ठोक्यांना माणूस कान टवकारतो," त्या म्हणाल्या, "आणि मनात म्हणतो, असेल कुणी, जाईल. तिसऱ्याला वाटतं, अरे, हा आपला. कुठे शिकलात?" "घरी," मी म्हटलं. "घरचीच ती," त्या म्हणाल्या. "ऐकताना कळतं. मी उमेदीत होते तेव्हा अशी एक थाप शोधत होते. बेल कधी वाजवू नये. बेल वाजली की माल आला, हाताने वाजलं की माणूस आला. दार उघडल्यावरचा पहिला क्षण आपला असतो, तेव्हा माणसाने चेहरा घातलेला नसतो. तेवढ्यात पाय आत." त्यांच्या आवाजात दुष्टपणा अजिबात नव्हता. त्या स्वयंपाकातली खुबी सांगावी तशा बोलत होत्या, आणि मला त्या आवडल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. विकायचं काम कंपनीची दुसरी माणसं करतात. बोळात बसलेल्या या गटाने फक्त दार उघडायला लावायचं, दोन गोड शब्द बोलायचे, आणि यंत्र दाखवायला कुणी कधी यावं ते ठरवून घ्यायचं. मला त्या फिरवणार नाहीत. मला त्या इथे ठेवतील, शिकवायला. पगार फिरणाऱ्यांपेक्षा थोडा बरा. "तुमची ही थाप सगळ्यांना बसली पाहिजे, सोमवारच्या आत," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "सोमवारी कुठून सुरुवात?" मी उगाच विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून. "पुलापलीकडची वस्ती. जुनी घरं आहेत, म्हातारी माणसं दिवसभर घरात. तुम्ही कुठे राहता?" "तिथेच," मी म्हटलं. "मग बरंच झालं तुम्हाला फिरवत नाही ते. ओळखीच्या गल्लीत आपला माणूस धाडायचा नाही, असा आमचा नियम आहे. तिथे तो लाजतो." इथे माझ्यासमोर जागा होती. ही थाप शिकवता येत नाही, ती सवयीची आहे, असं एक वाक्य मी बोलू शकलो असतो. वाक्य तयारही होतं, काचेच्या भोकातून यावं तसं ते माझ्यापर्यंत आलं आणि थांबलं. मला 'नाही' म्हणता येत नाही हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं कुणी दाराशी येऊन काही मागितलंच नव्हतं, म्हणून कळायचं राहिलं होतं. आणि 'नाही' म्हटलं असतं तर आई चिमणीच्या बेलखाली ताठ बसून राहणार होती. 'हो' म्हटलं तर ती आपल्या घरात, आपल्या कडीमागे राहणार होती, आणि कडी मी देऊन टाकणार होतो. दोन्हीकडे आईच होती. "शिकवतो," मी म्हटलं.

बोळात सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. बाई चप्पल न घालताच दारात उभ्या राहिल्या, पदराने चष्मा पुसत. "तर्जनी आत घ्या," मी सांगितलं, "पेरापासून. जणू पुढचं बोट नाहीच." सगळ्यांनी बोटं दुमडली. धडधाकट हात, आणि ओळीने अर्धी झालेली बोटं. उंच माणसाला जमेना, त्याची बोटं फार लांब. मी त्याचा हात हातात घेऊन बोट दाबून धरलं. त्याचा तळवा घामेजला होता, त्याच्याही घरी कुणीतरी असणार. "दोन द्या," मी म्हटलं, "आता थांबा. घाई नको. आतलं माणूस हातातलं खाली ठेवतंय, तेवढं थांबा. आता तिसरा. दुखऱ्या बोटाने वाजवल्यासारखा." हे वाक्य कुठून आलं माहीत नाही. ठोके पडायला लागले, आधी विस्कळीत, मग एकत्र. प्लायवुडच्या भिंतींमधून वडील येत राहिले, पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या उंचीचे. चष्मेवाल्या मुलीला सगळ्यांत आधी जमलं. तिचा तिसरा ठोका इतका अचूक आला की मी मान वळवून बघितलं. "जमलं ना?" तिने विचारलं. तिचा चेहरा खुलला होता, कुणालाही घरात घ्यावीशी वाटेल अशी मुलगी. "जमलं," मी म्हटलं. "तुम्ही पुलापलीकडे जाणार?" "हो, पहिली गल्ली मलाच दिलीय," ती म्हणाली.

परत येताना बसमध्ये मी उभ्या दांड्यावर नवी थाप शोधत होतो. आधी एक, मग दोन; किंवा तळहाताने एक आणि नखाने एक. ज्याला त्याला आपली थाप बदलता येत असेल, किल्ली बदलतात तशी, त्यात काय एवढं. शेजारचा प्रवासी त्रासून दुसरीकडे सरकला. मला नोकरी लागली होती. असा दिवस माणसाने आनंदात घालवावा असा संकेत आहे, आणि मी प्रयत्न केला. जिना चढताना आमच्या खोलीतून रेडिओ ऐकू येत होता, बातम्यांच्या आधीचं संगीत. मी तळहात पसरून दारावर एक थाप दिली, मग पेराने दोन ठोके. भरीव लाकूड. रेडिओ बंद झाला.

त्यानंतर जे सुरू झालं ते मी लगेच ओळखलं. ती नसायला लागली होती. दारापलीकडे, माझ्यापासून हाताच्या अंतरावर, खुर्ची करकरायची थांबली होती, बांगड्या तिने कोपरापर्यंत वर सारल्या असणार म्हणजे वाजणार नाहीत, आणि श्वास वरच्यावर धरला होता. या बाजूने ते मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटत होतं, आम्ही अगदी बेमालूम नसायचो. पण बाहेरून सगळं स्पष्ट कळतं. आत कुणीतरी आहे आणि ते घाबरलं आहे, हे लाकडातून सरळ बाहेर येतं. म्हणजे वडिलांना कळलं होतं. इतके सगळे विक्रेते जिना उतरून गेले, त्या सगळ्यांना कळलं होतं. वडील त्या दुपारी दारावर कपाळ टेकून आमचं नसणं ऐकत राहिले असतील आणि मग पायरीवर जाऊन बसले असतील. "आई," मी म्हटलं, "मी आहे. उघड." आवाज बारीक आला, आणि त्यात विनंती होती. आत काही हललं नाही. मी पुन्हा नवी थाप दिली, पुन्हा हाक मारली. सोमवारच्या आत तिला ही शिकवायची होती. आजच सुरुवात करायला हवी, ती उघडेल तेव्हा उघडेल, मी पायरीवर बसेन, असं मी ठरवलं आणि बसायला वळलो.

तेवढ्यात आतून वाजलं. दाराच्या बऱ्याच खालच्या भागात, वाकलेल्या बाईचा हात पोचेल तिथे. दोन ठोके, मग थांबून तिसरा, हळू. आईने सगळ्या जन्मात आतून दार वाजवलं नव्हतं. ती विचारत होती. हाक मुलासारखी येते आहे पण हात मुलाचा नाही, तेव्हा असशील आमचा तर हे पुढचं तूच सांग, असं. मी हात मागे घेतला, खिशात घातला, पुन्हा काढला. तिने आणखी एकदा वाजवलं. या वेळी तिसरा ठोका यायला वेळ लागला, आणि तो इतका हलका होता की मी तो ऐकला की आठवला हे सांगता येणार नाही. मी तर्जनी दुमडली आणि उत्तर दिलं.

कडी लगेच पडली. दार उघडलं. पहिला क्षण, मी तो आजवर कधी निरखून बघितला नव्हता, मी घरी येत असे, बघायला येत नसे. आज बघितला. आईच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, भीती नाही, वय नाही, ती माझ्या खांद्यावरून जिन्याकडे बघत होती आणि कुणीही तिथून आत पाय टाकला असता तर तिने त्याला पाणी विचारलं असतं. मग तिची नजर माझ्यावर आली. "तूच होतास होय," ती म्हणाली. "मग भलतंच काय वाजवत होतास? मी किती घाबरले." मी चप्पल काढली. "नोकरी लागली," मी म्हटलं. "अगो बाई!" म्हणून तिने माझ्या दंडावर हात फिरवला, लहानपणी ताप बघायची तसा. "आई, ऐक. सोमवारपासून ती जुनी थाप वाजली तरी उघडायचं नाही. अजिबात नाही." "का रे?" "ती आता सगळ्यांना येते." तिने माझ्या हाताकडे बघितलं. "बोटासकट?" तिने विचारलं. "बोटासकट," मी म्हटलं. आईने दार लावलं, कडी घातली, ती नीट बसलीय ना ते ओढून बघितलं, आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली.

"आणि तू?" ती म्हणाली. "तू कसा येणार?"